डाग नीट दिसू देत

आमच्या घरी जेवणाच्या ताटावर मराठीची तपासणी व्हायची. बाबा कारखान्याच्या बसमधून उतरून घरी यायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे, तोवर ठीक असायचे. पण पानावर बसलं की त्यांचे कान उभे राहत. माझा धाकटा भाऊ नंदू एखादं हिंदी वाक्य मराठीचा सदरा घालून पुढे करायचा, "आई, मला अजून भूक लागत नाही आहे, मी बाद में खाणार," आणि बाबांचा घास हातातच थांबायचा. "एक," असं म्हणून ते पुढचा घास घ्यायचे. ताक येईपर्यंत आकडा बाराच्या घरात गेलेला असायचा. माझी तऱ्हा नंदूहून वाईट. तो निदान उघड हिंदी बोलायचा, मी हिंदीतच विचार करून वर मराठीचा मुलामा द्यायचे. बाबा साताऱ्याकडचे, तीन वर्षांसाठी म्हणून झाशीला बदलून आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. आईने या गावाशी केव्हाच जुळवून घेतलं होतं. कोकम वर्षाला एकदा कुणी आणलं तर, म्हणून तिच्या आमटीत आमचूर असायचं, आणि बरीची, म्हणजे इथल्या वाळवलेल्या डाळीच्या वड्यांची भाजी ती इथल्या बायकांपेक्षा चांगली करायची. खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी होती. तिचा पट्टा दिवसभर थपथप वाजायचा, आणि पलीकडून गाड्यांच्या शिट्ट्या. गिरणी बंद असली की आई म्हणायची, आज घरात कुणीतरी नसल्यासारखं वाटतं. आता बाबा नाहीत, आकडे मोजणारं कुणी नाही. मी देवाशी मराठीत बोलते आणि स्वतःशी भांडते ती हिंदीत, आणि कुणी ‘एक’ म्हणत नाही याचं वाईट वाटतं.

हे सगळं सांगायचं कारण, बाबांच्या त्या तपासणीत एक शब्द कधी सापडलाच नाही. तो हिंदीही नव्हता, अगदी अस्सल मराठी होता. मला तो येत होता, आणि तरी येत नव्हता.

बी.ए. झाल्यावर मी सीपरी बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. कापडाच्या दुकानावरचा पहिला मजला, चढायला अरुंद जिना, वर मास्टरजी. मास्टरजी बुंदेलखंडी, मऊरानीपूरकडचे, उभं आयुष्य हाताने रिटचिंग केलेले. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवायची, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बाईच्या गालावरची मुरमं एकेक ठिपका देत बुजवायची, हे त्यांचं काम. त्यांनी केलेला फोटो पाहून कुणाला कळायचं नाही की कुणाचा हात लागलाय. मग डिजिटल कॅमेरा आला आणि कॉम्प्युटर आला. रोलचा खर्च वाचतो म्हणून मास्टरजी खूश होते, पण माउस हातात धरला की त्यांचा हात भिजलेल्या मांजरासारखा आखडायचा. म्हणून खुर्चीत मी आणि माझ्या मागे उभे ते. मी चेहरा साफ करायचे, ते एक पोस्टकार्ड घेऊन पडद्यावरचा अर्धा चेहरा झाकायचे, मग दुसरा अर्धा, आणि अभिप्राय द्यायचे. पहिले सहा महिने अभिप्राय एकच होता. "काय बिन्नू, चूना पोत दओ?" बिन्नू म्हणजे त्यांच्या बोलीत पोर, लेक. मी भिंतीसारखा चुना फासला होता, कातडीची छिद्रंसुद्धा गेली होती. ते म्हणायचे, खाल दिसली पाहिजे, बिन्नू, बाई बाईसारखी दिसली पाहिजे, बाहुली नको. मी चिडायचे. मला तेव्हा सगळ्याचाच राग यायचा, माझ्या केसांचा, उन्हाळ्याचा, आणि सर्वात जास्त कुणी चूक दाखवली की त्याचा.

त्यांची शिकवण दोनच गोष्टींची होती. एक, मूळ फोटोला हात लावायचा नाही, आधी दुसऱ्या नावाने त्याची नक्कल करायची आणि त्या नकलेवर काम करायचं. दोन, दर दोन मिनिटांनी सेव्ह करायचं. झाशीत लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि बॅटरी आमच्याकडे नव्हती. तासाभराचं काम एका क्षणात काळं व्हायचं. त्यामुळे माझी डाव्या हाताची बोटं आपोआप सेव्हच्या बटणांवर जायची, श्वास घेतल्यासारखी. आजही कुठे काही टाइप करताना मी उगाचच सेव्ह करते आणि नंदूची लेक हसते, आत्या, ते आपोआप होतं गं आता. तिच्या फोनमध्ये चेहरेही आपोआप साफ होतात. ती सेल्फी काढते आणि तिचं नाक तिच्या परवानगीशिवाय बारीक होऊन येतं.

आमच्याकडे येणारे बहुतेक फोटो लग्नाच्या मुलींचे. मुलगी साडी नेसून बसायची आणि तिची आई माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची, थोड़ा साफ कर देना. अशाच एका सकाळी गुरसरायच्या काकू आल्या. त्यांचं घराणं मूळचं गुरसरायचं, दीड-दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून आलेल्या कारकुनांचं, आता नवरा-बायको आणि मुलगी झाशीत राहत होती. मी मराठी आहे हे नावावरून कळलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझी हनुवटी धरली. त्यांची मराठी जुनी होती. ‘पोरी’, ‘इकडची स्वारी’, ‘न्हाणीघर’ असले शब्द, आणि मधेच ‘हमाये यहाँ तो’. मला अर्धं कळायचं, उरलेलं मी कळल्यासारखं दाखवायचे.

मुलगी म्हणजे वैजू, वैजयंती. चोवीस-पंचवीस वर्षांची, एका प्राथमिक शाळेत शिकवणारी, तोंडाने फटकळ. तिच्या डाव्या गालावर भाजल्याचा मोठा वण होता. चार वर्षांची असताना दिवाळीत उकळता पाक अंगावर आला होता. गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत कातडी चकचकीत, थोडी ओढलेली, आणि ओठाच्या कोपऱ्याशी एक बारीक चुणी, हसली की खोल जाणारी. तिचे फोटोच नव्हते. शाळेच्या ग्रुप फोटोत ती गालावर हात ठेवून उभी, लग्नाकार्यात कुणाच्या तरी मागे. कॅमेऱ्यासमोर बसली आणि सवयीने मान वळवली. मी म्हटलं, इकडे बघ. ती म्हणाली, "बघते, पण तुझा कॅमेरा फुटला तर माझ्या नावावर घालू नकोस." मला ती तिथेच आवडली. काकूंनी तिच्या अंगावर घरातलं सगळं चढवलं होतं, ठुशी, मोत्यांची चिंचपेटी, नथ, गोठ. निघताना जिन्याशी थांबून त्या मला म्हणाल्या, "पोरी, डाग नीट दिसू देत हं. लपवायचं काय आहे त्यात? बाकी तुला समजतं."

मी थक्क झाले. इतक्या आया पाहिल्या, तीळसुद्धा पुसायला सांगणाऱ्या, आणि ही बाई म्हणते, डाग नीट दिसू देत. घरी येऊन आईला सांगितलं, अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आणि मग मी जे काम केलं ते आयुष्यात कधी इतक्या मनापासून केलं नसेल. मूळ फोटोत दिव्याच्या झगमगाटात वण थोडा पुसट झाला होता, मी तो वर आणला. ओठाजवळची चुणी स्वच्छ केली. आणि नजर गालावरच जावी म्हणून गळ्यातलं सोनं-मोती मागे ढकललं, जरा अंधुकच केलं. नथीची चमक मारली. अर्थात हे सगळं नकलेवर.

छापलेला फोटो पाहायला दोघी आल्या. काकू जिना चढून धापा टाकत होत्या म्हणून फोटो आधी वैजूच्या हातात गेला. तिने तो खूप वेळ पाहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, मास्टरजींच्या पोस्टकार्डाकडे बघायचे तशी. ती हळूच म्हणाली, "अगं, ही तर मीच आहे." मग म्हणाली, आई काहीही म्हणू दे, हा एक माझ्यासाठी ठेव. मी म्हटलं, ठेवते. अगदी सहज म्हटलं. तेवढ्यात काकूंनी फोटो घेतला, आणि त्यांचा चेहरा पडला. अगं पण डाग कुठायत, त्या विचारू लागल्या, मी तुला डाग दाखवायला सांगितले आणि तू हे काय दाखवलंस? मी बोट ठेवून दाखवलं, हा काय, नीट दिसतोय की. वैजूला आधी उमगलं. ती जी हसायला लागली ती बाकावर बसलीच. "आई, तिला डाग म्हणजे दाग वाटला गं." काकूंना हसू आलं नाही. त्यांच्या घरी डाग म्हणजे दागिना. अंगावरचे चार डाग. गालावर असतो तो वण. मी सोनं अंधुक केलं होतं आणि वण चमकवला होता. काकूंनी तो फोटो चार तुकडे करून टोपलीत टाकला आणि मास्टरजींना हिंदीत म्हणाल्या, नाव तेवढं मराठी आहे हो, भाषा कुठे येते हिला.

रात्री पानावर बाबा हसले आणि म्हणाले, माझी आजी म्हणायची की डाग, मीच विसरलो होतो तुला सांगायला. मला हसू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी रागातच खुर्चीवर बसले. पहिल्या फोटोची नक्कल रागाच्या भरात आधीच पुसून टाकली होती. उरला होता मूळ फोटो. त्याची दुसऱ्या नावाने नक्कल करायची, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं. पण डोक्यात ‘भाषा कुठे येते हिला’ घुमत होतं. मूळच उघडला आणि कामाला लागले. वण पुसत गेले, गाल घडवत गेले, ठुशीचा मणी न् मणी उजळला, आणि डाव्या हाताची बोटं आपलं काम करत राहिली. सेव्ह, सेव्ह, सेव्ह. कॅमेऱ्यातलं कार्ड मास्टरजींनी फोटो काढला त्याच संध्याकाळी रिकामं केलं होतं. दुपारी केव्हातरी लक्षात आलं, मी मूळ फोटोवरच सेव्ह करत आले होते. मग मीच माझी समजूत घातली, काय बिघडलं, वैजू पुन्हा येईल, पुन्हा काढू. माणूस पुन्हा येईल हे तेव्हा इतकं उघड वाटायचं.

तो साफ फोटो काकूंना फार आवडला. तो कानपूरला गेला, ग्वाल्हेरला गेला. कानपूरची मंडळी बघायला आली आणि चहा न घेता उठली असं वैजूनेच मला बाजारात भेटून सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. मुलाच्या आत्याने विचारलं होतं म्हणे, फोटोवाली लड़की कहाँ है? वैजू म्हणाली, मी सांगितलं, ती बाहेर गेलीये. मग तिने माझ्याकडचा तिचा फोटो मागितला. मी म्हटलं, देते ना, शोधून ठेवते. फक्त तोंड उघडून सांगायचं होतं, वैजू, माझ्या हातून गेला, चल, आत्ता वर चल, दुसरा काढू. पाच मिनिटांचं काम होतं. स्टुडिओ समोरच होता. तिच्या हातात भाजीची पिशवी होती, ती घाईत होती, आणि मला चूक कबूल करायची लाज वाटली. एवढंच. इतकी वर्षं मी त्या रस्त्याच्या कडेला उभी आहे आणि तिला वर बोलवत नाहीये.

उन्हाळ्याच्या शेवटी तिला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग डॉक्टर, मग मेडिकल कॉलेज. सतरा दिवस.

तेराव्यानंतर काकू आल्या. एकट्याच जिना चढल्या, बाकावर बसल्या. त्यांनी साफ फोटो भिंतीवर लावला होता, पण त्याच्याकडे बघितलं की तिऱ्हाईत मुलगी वाटते, म्हणाल्या. "तो पहिला दे मला, पोरी. मी फाडला तो. तिचाच वण होता त्यात." मास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो काकू, आहे कॉम्प्युटरमध्ये, शोधावा लागेल, परवा या. आणि दोन दिवस बसून मी साफ गालावर वण काढला. आठवेल तसा, दुसऱ्या कुणाच्या भाजलेल्या हाताच्या फोटोतली कातडी उचलून. खरा म्हणून त्यांच्या हातात दिला. देवा, आज लिहितानाही कान गरम होतात. काकूंनी चष्मा पुसून पाहिला. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, हा नव्हे. मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. सेव्हचं, नकलेचं, बाजारात भेटलेल्या वैजूचं. त्यांना कॉम्प्युटरमधलं काय कळलं कोण जाणे, पण ‘कुठेच नाही’ एवढं कळलं. नंतर स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. "मग तूच काढ. मी सांगते तसा."

त्यानंतर महिनाभर त्या येत राहिल्या. अकराच्या सुमाराला, देवपूजा उरकून, कधी डब्यात माझ्यासाठी पुरणाचे दोन कडबू घालून, आणि तेच मला जास्त बोचायचं. मी माउस धरायचे आणि त्या सांगायच्या. थोडा खाली. इतका काळा नाही गं, तिचा गुलाबी होता, थंडीत जांभळा व्हायचा. इथे कड अशी नव्हती. चुणी अजून ओठाजवळ. नाही, पुसून टाक. शब्दाने जमेना तेव्हा त्यांनी माझा चेहरा आपल्याकडे वळवला आणि माझ्याच गालावर बोट ठेवलं. हाडापासून खाली, जरा आत, मग जबड्याकडे वळत. वैजू लहान असताना रोज त्या वणाला लोणी चोळायच्या त्या, वर्षानुवर्षं. बोट कुठेही अडलं नाही. मी आरशात बघून ती रेघ लक्षात ठेवली आणि पडद्यावर काढली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या म्हणाल्या, हां, असाच काहीसा. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन दोनदा भात घेतला. माझा मूर्खपणा बघा, मला वाटलं हे काम पुरं होण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांना तो ‘असाच काहीसा’ पटेना. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. मी प्रत्येक वण वेगळ्या नावाने ठेवत गेले, आता मात्र न चुकता. तेरा-चौदा झाले. त्या मागचा बघायला मागायच्या, मग त्याच्या मागचा. सातवा बरा होता का? नाही, नववा. हळूहळू त्यांचं सांगणं कमी झालं आणि विचारणं वाढलं. तुला काय वाटतं, पोरी, इथे होता ना? मी काय सांगणार? मी तिला मोजून चार वेळा पाहिलं होतं. एकदा काका सोबत आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, मला तर वण आहे हे दिसायचंच बंद झालं होतं, मी काय सांगू.

शेवटच्या दिवशी मास्टरजी मागे येऊन उभे राहिले. पोस्टकार्डाने उजवा गाल झाकला, मग डावा, मग कार्ड खिशात ठेवलं. कातडी कातडीसारखी होती, वण वणासारखा, ओठाजवळ चुणी, हसण्याच्या आधीची. "अब कछु नईं कै सकत, बिन्नू," ते म्हणाले. यापुढे काही सांगण्यासारखं उरलं नाही. अडीच वर्षं मी हे ऐकायला जीव टाकत होते. मी काकूंकडे वळले.

काकू पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या गालाकडे बोट आणलं, नेहमीसारखं, हाडाशी टेकवलं, थोडं खाली आणलं आणि थांबल्या. बोट तिथेच राहिलं. मी म्हटलं, काकू, मग इकडे वळतो ना? त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी अडल्या. मग हात काढून घेतला आणि पदराखाली धरून बसल्या.

"बंद कर, पोरी," त्या म्हणाल्या. "आता डोळे मिटले तरी तू काढलेलाच दिसतो. तिचा होता तो गेला."

मी पडदा बंद केला. त्यांनी माझ्याकडून एकही फोटो घेतला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.